एका खोऱ्यात चार डॉक्टर

“खोगीरभरती! नुस्ती खोगीरभरती!”

काका पंगतीच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. एका हातात बुंदीची परात, दुसऱ्या हातात मूठभर बुंदी, आणि ती मूठ ते सरकारच्या नावानं अशी झटकत होते की बुंदी ज्याच्या पत्रावळीत पडायची त्याच्या टोपीवर पडत होती. पाहुणे बिचारे टोपीवरची बुंदी वेचून खात होते आणि मान डोलवत होते. मान डोलवली की आणखी पडायची.

शेजारच्या घरचा साखरपुडा होता. आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाची हवा लागते तिथं. वाडी इतकी लहान की एका घरात लिंबू चिरलं तर साऱ्या वाडीच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यामुळं शेजारचा साखरपुडा म्हणजे आपलाच, आणि वाढपी म्हणजे आपले काका. काकांचा आवाज हा वेगळाच विषय आहे. ते वाडीत शिंकले तर घाटातली माकडं कुणीतरी बोलावलं म्हणून खाली उतरतात. धरणाच्या ह्या काठावरून त्यांनी शिवी दिली तर पलीकडच्या काठावर ती ताजीच पोचते, आणि पलीकडचा माणूस घोटभर पाणी पिऊन उलटी शिवी देईपर्यंत काका दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

झालं होतं एवढंच, की एका पाहुण्यानं सहज म्हटलं, पोरगं कधीचं भरतीची तयारी करतंय, पण भरतीच निघत नाही.

“निघंल कशी?” काका कडाडले. “जागा हाय का? ठासून भरलंय समदं! भोरच्या कचेरीत जाऊन बगा, मुंगीला पाय ठेवायला जागा न्हाई. अर्धा म्हाराष्ट्र पगारावर हाय नि अर्धा पेन्शनीवर. आपुन मधल्यामधी!”

काकांची सरकार मोजायची पद्धत मला चांगली ठाऊक आहे, कारण ती माझ्याच पायरीवर जन्मली. भोरात कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काका दाखल्याला आले की पायरीवर बसून कचेरीबाहेरच्या मोटारसायकली मोजतात. जेवढ्या गाड्या तेवढे साहेब. मी एकदा म्हटलं, “काका, ह्यातल्या निम्म्या गाड्या तुमच्यासारख्या दाखल्याला आलेल्यांच्या आहेत. आणि ती कडेची तर तुमचीच आहे.” काकांनी माझ्याकडं नीट बघितलं. “आन तू? तूबी रोज कचेरीम्होरंच बसतोस की. धा ते पाच.” असं म्हणून त्यांनी मलाही मोजून टाकलं. तेव्हापासून काकांच्या हिशेबी मी सरकारी नोकर आहे; पगार तेवढा सुरू व्हायचाय.

ही मोजणी दरवर्षी वाढत जाते. गाड्या वाढल्या की साहेब वाढले. आत काय चाललंय ते मला दुकानातून दिसतं. एक बाबू रिटायर झाला, त्याच्या टेबलावर आता कागदांचे गठ्ठे बसतात. दुसऱ्याची बदली झाली, त्याच्या खुर्चीत तिसऱ्याचा डबा बसतो. पण आपल्याकडं रिकाम्या खुर्चीला रिकामी म्हणायची पद्धत नाही. “साहेब चहाला गेलेत” असं म्हणतात. एक साहेब नोकरी संपवून आपली आंब्याची बाग बघायला लागले होते, तरी एक म्हातारा ते चहाहून येतील म्हणून माझ्या पायरीवर बसून असायचा. शेवटी आंब्याचा सीझन आला, साहेब हातगाडी घेऊन भोरात आंबे विकायला आले, आणि म्हाताऱ्यानं त्यांना गाडीपाशी गाठलं. म्हणाला, “साहेब, लई येळ लावला चहाला!” ही गोष्ट मी कुणाला सांगितली की तो म्हणतो, छे, तू थापा मारतोस. म्हाताऱ्यानं आंबे घेतले का ते मात्र सगळे विचारतात.

असो. पंगतीकडं येऊ.

“ढोरांच्या डॉक्टरचंच घ्या,” काका म्हणाले आणि त्यांनी परात खाली ठेवली. काकांनी परात खाली ठेवली म्हणजे आता मुद्दा येणार. “माज्या ल्हानपनी अख्ख्या तालुक्याला एक डॉक्टर. सायकलीवर यायचा. आन आता ह्या एका खोऱ्यात किती हायती? इचारा की पंगतीला!”

खोऱ्यात जनावरांचे दवाखाने चार, आणि चारी गावचे पाहुणे पंगतीला होते.

“आमच्याकडं हाय की,” धरणकाठच्या गावचा पाहुणा म्हणाला. “सकाळचा येतो. मफलरवाला. लई ग्वाड मानूस. म्हशीशीबी आवो-जावो बोलतो.”

“आमचा चष्मेवाला,” बाजारगावचा म्हणाला. “दुपारचा आसतो. पर माजुरडा! जनावराला टोचायच्या आदी मालकाला टोचतो, तोंडानं.”

“आमचा रेनकोटवाला,” खिंडीतल्या गावचा म्हणाला. “बारमाही रेनकोट. बोलतच न्हाई. काय इचारलं तर नुस्ता हात हालिवतो. बहिरा आसंल.”

“आन आमच्या खालच्या गावात घड्याळवाला,” काका म्हणाले. “दिवस कलताना येतो आन सारका घड्याळ बघतो. जनावर तपासतोय का एसटी धरतोय, समजत न्हाई.” मग काकांनी चार बोटं वर केली आणि ती सगळ्या पंगतीवरून फिरवली. “चार! एका खोऱ्यात चार डॉक्टर! आरं, म्हशींना येवढी दुखनी तरी हायत का?”

पंगत हसली. मग कुणाचा डॉक्टर भारी ह्यावर वाद लागला. धरणकाठचा म्हणाला, आमच्या मफलरवाल्यानं बैलाचं पोट हात लावून बरं केलं. बाजारगावचा म्हणाला, आमच्या चष्मेवाल्याला बघूनच बैल बरा होतो, भीतीनं. काकांनी निकाल दिला: मफलरवाला एक नंबर, घड्याळवाला दोन, रेनकोटवाला तीन, आणि चष्मेवाल्याला तर आधी घरी बसवा, त्याचा पगार वाचवा. चष्मेवाल्याशी काकांचं एकदा वाजलं होतं, बाजारात.

एवढ्यात आत्या आली.

आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माहेरच्याच वाडीत, कडेच्या घरात एकटी राहते. ती काकांची सख्खी बहीण आहे हे आवाजावरून कुणाला पटत नाही. ती पंगतीच्या टोकाला उभी राहिली, हात कोपरापर्यंत ओले, आणि म्हणाली, “दादा, म्हस अडली.”

पंगतीतले हात पत्रावळीतच थांबले. वाडीत हे वाक्य कसं ऐकायचं ते पोरांनाही कळतं. आणि ही म्हैस साधी नव्हती. तिची आई विताना गेली होती. आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून, थंडीत आपल्या वाकळेचा निम्मा भाग देऊन वाढवलं होतं. रेडकाचं म्हशीत रूपांतर झालं तरी ती दारातून आत यायला बघायची, आणि एकदा आलीही होती, दारासकट. आता तिचं पहिलंच वेत. सकाळपासून कळा देत होती. रेडकाचे पुढचे दोन पाय दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. तिच्या आईचंही असंच झालं होतं, हे आत्या बोलली नाही, पण वाडीतल्या सगळ्यांना आठवलं.

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “घाबरू नगंस, बाय! चार डॉक्टर हायती खोऱ्यात. चौघांलाबी आनतो! फुकाटचा पगार खात्यात, येऊ द्या की समदे!”

नंबर कुणाकडंच नव्हता. दारात चार डॉक्टर असलेल्या माणसाला नंबर कशाला लागतो? आणि असता तरी वाडीत रेंज नाही. म्हणून चार मोटारसायकली चार दवाखान्यांकडं सुटल्या. प्रत्येक गावच्या पाहुण्याला आपला डॉक्टर आधी पोचवायचा होता. बाजारगावचा पाहुणा खरकट्या हातानंच सुटला, आणि हँडलला लागलेल्या बुंदीवर दोन गावची कुत्री त्याच्या मागं लागली, त्यामुळं तो उलट लवकर पोचला. काका माझ्या गाडीवर मागं बसले. त्यांना मफलरवालाच पाहिजे होता, म्हणून धरणकाठच्या पाहुण्याला त्यांनी वाडीतच बसवून ठेवलं.

धरणकाठच्या दवाखान्याला कुलूप. काकांनी खिडकीच्या गजाला नाक लावलं.

“दोन खुर्च्या,” ते म्हणाले. “म्हंजी डॉक्टर आन कंपाउंडर. खुंटीला छत्री. म्हंजी शिपाई. तिगंबी चहाला. बगितलंस? तिगंबी!”

समोरच चहाची टपरी होती. टपरीत तिघं नव्हते, एक बाई होती. ती म्हणाली, “शिपाई रिटायर झाला. छत्री इसरला त्यो.”

“मग कंपाउंडर?”

“त्येची बदली झाली. छत्री इसरायच्या आदीच.”

“आन डॉक्टर?”

“सकाळी आला, माज्याकडं आल्याचा चहा पिला नि गेला. वर धनगरवाड्यावर शेरडांना लस टोचायची व्हती. पाटीवर नंबर हाय बगा.”

पाटीवर खडूनं नंबर होता. मी लावून फोन काकांच्या हातात दिला. काकांना फोनची खरं तर गरज नाही. धनगरवाडा जेमतेम दोन डोंगर पलीकडं.

“मफलरवालं का?” काका फोनमध्ये गर्जले. पलीकडून काहीतरी आलं. “म्हस अडलीया! माज्या भनीची! आंब्यापाशी, शेवटचं घर!” मग काका ऐकत राहिले. काका ऐकतायत हे दृश्य मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तोंड उघडंच होतं, फक्त आवाज बंद. फोन ठेवून ते माझ्याकडं वळले आणि त्यांच्या डोळ्यांत दुःख नि आनंद एकाच वेळी मावत नव्हते.

“आरं, खोऱ्यात आजूक तीन म्हशी अडल्यात! आपल्या आदी तिगांचे फोन आले त्येला. बिचारा येकटा मफलरवाला कुठं कुठं पळनार? आन बाकीचे तिगं बग! एकाचा पत्त्या न्हाई! म्या काय म्हनत व्हतो पंगतीत?”

“ते आधी आपल्याकडं येणार का?”

“म्हनला, जी जवळ आसंल ती आदी बघतो.” आणि एवढं बोलून काकांचा आवाज एकदम उतरला. आपली म्हैस किती लांब, हे त्यांच्या तेव्हा डोक्यात आलं. परत येताना ते मागं बसून गप्प होते. काका गप्प असले की माझी गाडी हलकी वाटते, पण त्या दिवशी वाटली नाही.

गोठ्यात आत्या म्हशीच्या तोंडाशी बसली होती. म्हैस आडवी झाली होती आणि आत्या तिच्या कपाळावरून हात फिरवत काहीतरी बोलत होती, अगदी हळू. बाकीचे तिन्ही पाहुणे परतून आले होते. तिघांच्याही दवाखान्याला कुलूप, तिघांनीही पाटीवरच्या नंबरला फोन केला होता, आणि तिघांनाही येतो म्हणून सांगितलं गेलं होतं. जो तो म्हणत होता, आमचा येतोय. काकांनी अंगणात चार खाटा टाकायला सांगितल्या. चार डॉक्टर येणार, बसणार कुठं?

एक मोटारसायकल वर आली. हेल्मेट, गळ्यात मफलर, अंगात रेनकोट, चिखलानं भरलेले बूट.

“आमचा आला!” धरणकाठचा पाहुणा पुढं धावला. “मफलरवालं!”

“आरं, ह्यो आमचा,” खिंडीतला म्हणाला. “रेनकोट बग की! खिंडीतला वारा कापतो म्हनून घालतो त्यो.”

तेवढ्यात डॉक्टरांनी हेल्मेट काढलं आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बाजारगावचा पाहुणा दोन पावलं मागं सरला. “आयला! माजुरडा!”

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. काका खाटेवर बसले.

मी काकांना जन्मापासून ओळखतो, पण त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. चार बोटं त्यांनी हळूहळू एकेक करून मिटली. एक राहिलं. त्या एकाकडं बघत त्यांनी कसाबसा आवाज काढला.

“डॉक्टर, बाकीचे तिगं कुठं हायती?”

डॉक्टर बॅग सोडत होते. त्यांनी गोठ्याकडं बघितलं, मग अंगणभर, मग काकांकडं.

“ते नंतर. बाकीच्या तीन म्हशी कुठायत?”

मग उलगडा झाला. तीन पाहुणे आणि काका, चौघांनी चार फोन केले होते. एकानं सांगितलं देवराईच्या खाली, दुसऱ्यानं पाण्याच्या टाकीच्या मागं, तिसऱ्यानं साखरपुड्याच्या मांडवाशेजारी आणि काकांनी आंब्यापाशी. सगळं खरं. आत्याच्या घराच्या एका अंगाला देवराई आहे, एका अंगाला टाकी, एका अंगाला मांडव होता आणि दारात आंबा. डोंगरावरच्या वाऱ्यात फोन कानाला लावून उभ्या माणसाला ते चार गोठे वाटले. सकाळी आल्याचा चहा पिऊन गोड बोलणारा, दुपारी उपाशीपोटी खेकसणारा, खिंडीत कानात वारा गेल्यानं न ऐकणारा आणि दिवस मावळायच्या आत घाटरस्त्यानं भोर गाठायचं म्हणून घड्याळ बघणारा, हा सगळा एकच माणूस होता. तीन दवाखान्यांचा चार्ज त्याच्या अंगावर एकेक करून पडत गेला, आणि आम्ही प्रत्येक वेळी म्हणालो, सरकारनं आणखी एक भरला.

पण हे सगळं समजावून घ्यायला म्हशीला वेळ नव्हता. डॉक्टरांनी रेनकोट, स्वेटर, शर्ट उतरवला, साबण मागितला, गोडं तेल मागितलं, खांद्यापर्यंत हात माखला आणि जमिनीवर पालथे झाले.

“डोकं मागं वळलंय,” ते म्हणाले. “आत ढकलून सरळ करावं लागेल. तिला धरा.”

धरायला काका पुढं झाले. म्हशीनं एक पाय झाडला आणि काका गोठ्याच्या दारातून जे निघाले ते थेट साखरपुड्याच्या मांडवात, नवऱ्या मुलाच्या मामाच्या मांडीवर जाऊन बसले. मामांना वाटलं आहेराची रीत असेल, त्यांनी काकांना पान दिलं. पान चघळत काका परत आले तेव्हा आत्या म्हशीच्या मानेवर आपला सगळा भार टाकून पडली होती आणि म्हैस तिला झाडत नव्हती.

डॉक्टर घामानं निथळत होते. कळ आली की थांबायचे, कळ गेली की ढकलायचे. कुणी काही बोललं की खेकसायचे. एकदा त्यांनी दात आवळून “आलं... आलं...” म्हटलं आणि पुन्हा हात निसटला. आत्यानं डोळे मिटले. मला तो क्षण आठवतो, कारण काकांनी तेव्हा माझा दंड धरला होता आणि तो नंतर बरेच दिवस काळानिळा होता. मग डॉक्टरांचा खांदा एकदम सैल झाला. “फिरलं,” ते म्हणाले. “आता दोर. कळ येईल तेव्हाच ओढायचं. ओढा म्हणेन तेव्हा. काका, तुम्ही ओरडू नका, नुसतं ओढा.”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न ओरडता केलं.

रेडकू बाहेर आलं ते ओल्या पोत्यासारखं. हलेना. डॉक्टरांनी त्याचं तोंड पुसलं, पायांना धरून उलटं केलं, नाकात गवताची काडी घातली. एक शिंक आली. एवढीशी. मी पैजेवर सांगतो, काकांच्या कुठल्याही शिंकेपेक्षा ती जास्त लांब ऐकू गेली असेल. रेडी होती. आत्यानं पदरानं तिचं तोंड पुसलं, मग त्याच पदरानं स्वतःचं, आणि म्हशीनं मान वळवून दोघींनाही चाटलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर काका सुधारले असते. पण खालच्या रस्त्यानं जीप आली.

एका खोऱ्यात चार म्हशी अडल्या हे ऐकून डॉक्टरांनी डोंगरावरूनच भोरला फोन केला होता: मी एकटा आहे, असतील ती माणसं पाठवा. भोरच्या मंडळींनी खरंच असतील ती पाठवली. जीपमधून सात जण उतरले. तालुक्याचे मोठे साहेब. वेल्ह्याचा डॉक्टर, जो त्या दिवशी भोरला मीटिंगला आला होता. त्या दिवशी वेल्ह्याच्या खोऱ्यात म्हैस अडली असती तर तिला मुकाट्यानं उद्यावर जावं लागलं असतं. एक म्हातारे डॉक्टर, रिटायर झालेले, जे आपल्या पेन्शनीच्या कामाला ऑफिसात आले आणि दारातच उचलले गेले. दोन शिकाऊ पोरं. कॉम्प्युटरवर बसणारा एक कंत्राटी, ज्यानं म्हैस फक्त कॉम्प्युटरवर बघितली होती. आणि ड्रायव्हर. सातही जण आत्याच्या गोठ्याभोवती गोल उभे राहिले आणि उभं राहायला शिकणाऱ्या रेडीकडं बघू लागले.

काकांच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला. मी बघत होतो. आधी कान, मग गाल. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“सात!” घाटातली माकडं खाली यायला लागली असणार. “एक म्हस, एक रेडी, आन मानसं सात! चार म्हंजी एक निगाला, मान्य! पर भोरात सात दडवून ठेवल्याले आज सापडले का न्हाई? सांगा!”

“काका,” मी म्हटलं, “ह्यातला एक वेल्ह्याचा आहे, एक रिटायर आहे, दोन अजून शिकतायत, एक कंत्राटी...”

“तू गप. तूबी त्यांच्यातलाच.”

सगळ्यांना जेवायला बसवलं. काकांनी स्वतः वाढलं, प्रेमानं, आणि वाढताना प्रत्येकाला मोठ्यानं मोजलं. हात आणि छाती धुऊन, शर्ट चढवून डॉक्टर जेवायला येईपर्यंत बुंदी संपली होती. त्यांनी घड्याळ बघितलं, म्हशीची वार पडेपर्यंत काय करायचं ते आत्याला सांगितलं आणि गाडीला किक मारली.

पुढं ही गोष्ट माझ्या आधी भोरात पोचली. किकवीचा एक जण झेरॉक्स काढता काढता मला म्हणाला, वर घाटात एका म्हशीला अकरा डॉक्टर आले होते म्हणे. पानशेतकडचा एक पाहुणा म्हणाला, अकरा नाही, एकवीस, आणि म्हैस तपासायला मुंबईहून मशीन आलं होतं. पाहुण्यांनी खोऱ्यात जाऊन चौघांचा एक झाल्याचं सांगितलं नसेल असं नाही, पण त्यात हसण्यासारखं काय होतं? जीप लोकांच्या लक्षात राहिली. त्यांना मोजायला मजा आली.

मग ग्रामसभा आली. खालच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात, भर दुपारी. सरपंचबाईंनी ठराव मांडला: आपल्या दवाखान्याला वेगळा डॉक्टर मिळावा, एका माणसाला चार दवाखाने होत नाहीत, आणि तो माणूसही दिवाळीपर्यंत रिटायर होतोय. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. दोनचार हात अर्धे वर गेले होते तोवर काका उठले.

“आजूक मानसं?” व्हरांड्याचे पत्रे थरथरले. “जीपभर आली व्हती, ती कमी पडली? एका म्हशीला सात! आन आता आटवा मागताय? आरं, जरा सरकारची तरी दया करा!”

सभा खदखदा हसली. अर्धे वर गेलेले हात डोकं खाजवत खाली आले. मी हात वर केला होता, पण काका म्हणाले, “त्यो धरू नका, त्यो नोकरदार हाय,” आणि सभा पुन्हा हसली.

सरपंचबाईंनी बायकांच्या बाजूला बघितलं. “आत्याबाई, म्हैस तुमची होती. तुम्ही सांगा.”

आत्या मागं भिंतीला टेकून बसली होती. काकांना तेवढंच पाहिजे होतं.

“व्हय, सांग बाय! तूच सांग! त्या दिशी तुज्या दारात मानसं किती आली व्हती? खरं सांग, सभंला!”

“लई आली व्हती,” आत्या म्हणाली.

“ऐका!” काकांनी सगळ्या व्हरांड्यावरून हात फिरवला. “ऐका! मग आता आजूक पायजेत का आपल्याला?”

आत्यानं पदर नीट केला.

“नगं तर नगं,” ती म्हणाली. “पुडच्या वेताला हात तू घाल.”